नऊ गाठींचा दोर

१८ नोव्हेंबर २०२४
बोटीवरून, मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात

सांडू,

जय भीम. तू राम राम म्हणशील, तो पोचला असं धरतो आन पुढं लिहितो.

अक्षर ओळखून पत्र चुलीत घालू नको. एकतीस वर्षांनी माणूस लिहून राह्यला म्हणजे त्याला काहीतरी झालं असंल असं समज आन निदान पहिलं पान वाच. तसं मला काही झालेलं न्हाई. साखर थोडी वाढली, डोक्यावरचे केस गेले, बाकी बराबर हाये. फोन मुद्दाम केला न्हाई. फोनवर तू आवाज ऐकला की ठेवून देशील. कागद फाडायचा म्हणलं तरी आधी उघडावा तर लागतो.

मी नवीन जालन्यात घर घेतलं, त्याला बारा वर्षं झाली. बायको ज्योत्स्ना तिथंच शाळेत शिकवते. आमच्या घरापासून आपल्या गावाकडं जाणारी राजूरची बस दर तासाला सुटते. त्या बसमध्ये मी एकदाबी बसलो न्हाई. गावचं माणूस बाजारात दिसलं की मी दुसऱ्या गल्लीनं जातो. हे सांगायला लाज वाटते, पण आता सांगायलाच बसलो.

काम काय करतो ते सांगतो. समुद्राच्या तळाला तेलाच्या विहिरी असतात. चाळीस चाळीस वर्षं त्यातून तेल काढलं, आता बऱ्याच रिकाम्या झाल्या. समुद्रातबी विहिरी आटतात, सांड्या. मला वाटायचं तो आपल्याच तालुक्याचा धंदा हाये. विहीर आटली की तिचं तोंड सिमेंटनं बुजवतात. मंग तिच्याभोवती जे लोखंड खाली टाकलेलं असतं, पाईप, झडपा, सांगाडे, ते सगळं कापून क्रेननं वर काढायचं आन तळ पहिल्यासारखा मोकळा करून द्यायचा. ते काढणाऱ्या टोळीत मी हाये. खाली पाणी किती म्हणशील तर चाळीस परस, एकावर एक चाळीस माणसं उभी केली तर बुडतील एवढं. आपली सगळ्यात खोल विहीर नऊ परसाची होती, आन तिच्या काठावरून खाली बघितलं तरी तू दोन पावलं मागं सरायचास.

मी स्वतः आता उतरत न्हाई. पडद्यासमोर बसतो आन खाली गेलेल्या पाणबुड्याच्या कानात बोलतो. दम धर, डावा हात पुढं कर, श्वास जल्दी जल्दी घेऊ नको. तुला हसू येईल. हे सगळं तू मला काठावरून ओरडून सांगायचास, आन ऐकू काहीच यायचं न्हाई.

मुंबईला पहिल्यांदा कामाला लागलो तेव्हाची गोष्ट सांगतो. पाणबुड्याच्या पाठीला एक जाड दोर असतो. त्यातच हवेची नळी, त्यातच बोलायची तार. त्या दोरावर ठराविक अंतरानं रंगीत पट्ट्या मारलेल्या असतात. ज्याच्या हातात दोर असतो त्याला न बघताबी कळतं की गडी किती खाली हाये. ते बघून मला हसूच आलं. साहेब म्हणला, काय रे, काय झालं. म्हणलं, साहेब, हे आमच्या गावात माझ्या दोस्ताच्या मायनं, बायनामावशीनं, लुगडं फाडून केलं होतं, दोराला दर परसावर गाठ आन गाठीला चिंधी. साहेबाला काही कळलं न्हाई. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.

परवा एक सांगाडा वर आला. त्याचे बोल्ट अठ्ठ्याण्णव साली मीच खाली जाऊन कसले होते. बाजारात आपला विकलेला बैल दुसऱ्याच्या हातात दिसावा तसं वाटलं. अंगभर शिंपले, शेवाळ. मासे त्यात घर करून राह्यले होते. सांगाडा वर चालला तसे तेबी मागं मागं आले आन मंग उजेड आल्यावर फिरले. दोन दिवस तेच डोळ्यापुढं होतं. त्यातूनच हे पत्र लिहायचं मनात आलं.

तू माझ्यावर आजून रागात असशील. अप्पारावच्या विहिरीत खाली पाण्याची मोटर न्हाई असं मी म्हणलो आन ती चोरली म्हणून लोकांनी तुझं नाव घेतलं. पण मी तुझं नाव घेतलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेव. दोघंबी लहान होतो. झालं ते झालं.

पाकिटावर जालन्याचा पत्ता हाये. ज्योत्स्ना उत्तर बोटीवर धाडती.

तुझा
वसंता


३० नोव्हेंबर २०२४

सांडू,

उत्तर न्हाई. बरं. तू लहानपणीबी रुसला की तीन तीन दिवस मेंढरांशीच बोलायचास.

आज हवा खराब हाये, काम बंद. म्हणून बसल्या बसल्या आपण केलेल्या विहिरी मोजल्या. बादल्या तर किती काढल्या त्याचा हिशोबच न्हाई. राजूरच्या रस्त्यावरच्या मळ्यात नव्या नवरीची घागर. तुमच्या कारभारीमामाचं करडू, ते जिवंत निघालं आन वर आल्या आल्या मलाच चावलं. आन मोटरा. फळी मोडून नायतर खुंटी निसटून कुठली ना कुठली मोटर विहिरीत जायचीच. मंग माणूस सायकलवर यायचा, म्हणायचा, चला रे पोरांनो. मी पोटाशी धोंडा धरून बुडी मारायचो, कंबरेला दोर, दोर तुझ्या हातात. खाली चाचपडून मोटरीला गाठ मारायची, एक हिसका दिला म्हणजे मला वर ओढ, दोन दिले म्हणजे मोटर ओढ. मिळायचं काय, तर शेंगा आन गुळाचा खडा. पण त्या वयात तो गूळ लई लागायचा.

वर आलो की दात वाजायचे. बायनामावशी तिची घोंगडी माझ्यावर टाकायची. त्या घोंगडीला मेंढ्यांचा वास यायचा. मंग बाजरीची भाकर आन लसणाची चटणी, तुझ्या आधी मला. तू म्हणायचास, माय, पोरगा तुझा मी हाये का हा? ती म्हणायची, तू कोरडा हायेस, गप बस.

इथं मोठमोठ्या हॉटेलचं जेवण मिळतं बोटीवर. पण ओल्या अंगावर घोंगडी घेऊन खाल्लेल्या त्या भाकरीची चव पुन्हा कधी आली न्हाई.

आन मुठीचा कायदा आठवतो का? बुडी मारणाऱ्यानं वर येताना तळाचा गाळ मुठीत आणायचा. मूठ उघडून दाखवली की त्याचा शब्द पक्का. रिकाम्या मुठीनं आला तर म्हातारे परत खाली पाठवायचे. माझ्या मुठीवर तर कोणी शंकाच घ्यायचं न्हाई. वसंता म्हणला बादली हाये म्हणजे हाये, न्हाई म्हणजे न्हाई.

इथं एक लफडं झालंय. जुन्या पाईपावर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या गाद्या अंथरलेल्या असतात. ठोकळे दोरीनं एकमेकांना बांधलेले, गोधडीसारखी गादी, पण वजन पाच-सहा टनाचं. कागदावर अशा बारा गाद्या हायेत. आम्ही अकरा काढल्या. बारावी सापडून राह्यली न्हाई. तळाला कॅमेरावाला यंत्राचा रोबो फिरवतो ती पोरगी आपल्या अंबडची निघाली, प्रीती नाव तिचं. जालना जिल्ह्याची दोन माणसं समुद्रात एका बोटीवर, बाकीच्यांना मोठी गंमत वाटते. ती म्हणते, "काका, गाळ लई उडून राह्यलाय. बसू द्या, मंग परत बघू."

गाळ म्हणलं की मला अप्पारावची विहीर आठवते. त्या दिवशीबी पाणी गढूळ होतं, सांडू. श्रावण होता, पाणी काठाला लागलं होतं. खाली हात हाताला दिसत नव्हता. अशा पाण्यात मोटर नजरेला नसंल पडली, तर त्यात माझा काय दोष?

उत्तर दे.

वसंता


८ डिसेंबर २०२४

सांडू,

मागच्या पत्रात मी गढूळ पाण्याचं लिहिलं. ते खोडून टाक. खरं लिहितो.

आज मोठ्या साहेबानं माझ्यापुढं एक कागद ठेवला. इंग्रजीत हाये, पण अर्थ एवढाच, की मी तळ बघितला, खाली काही शिल्लक न्हाई. खाली माझी सही पाहिजे. साहेब म्हणला, "वसंत भाई, बारहवीं मिट्टी खा गई. कौन देखने जा रहा है नीचे? साइन करो." प्रीती माझ्याकडं बघून राह्यली होती. पोरीचं वय पंचवीस. तिनं फक्त विचारलं, "काका, तुम्ही म्हणाल तसं लिहिते. खाली न्हाई असं लिहू का?"

हेच शब्द अप्पारावनं विचारले होते. खाली न्हाई, असं समजू का?

कारण सांगतो, ही गादी नुसती राह्यली तरी काय बिघडतं असं तू म्हणशील. कोळ्यांच्या बोटी जाळं तळाला ओढत नेतात. जाळं पाच टनाला अडकलं की बोट मागून खाली ओढली जाते. माणसं जातात. तळ मोकळा हाये असं कागद म्हणतो म्हणून तर ते तिथं जाळं टाकणार. माझ्या सहीवर इसवास ठेवून.

सही न करता उठलो आन खोलीत येऊन हे लिहून राह्यलो.

सांडू, मी तळाला गेलोच न्हाई.

अप्पारावची मोटर विहिरीच्या तोंडाशी, वरच्या फळीवर ठेवली होती. पाणी चढलं म्हणून तूच ती वर घेतली होतीस, पाईप सोडून. तू त्याचा सालदार, मळ्यातच झोपायचास. सकाळी फळी मोडलेली आन मोटर गायब. तू म्हणलास, फळी कुजकी होती, मोटर विहिरीत गेली. अप्पाराव म्हणला, न्हाई, ओढून नेताना फळी मोडली. दोन दिवस गळ टाकून बघितला, काही लागलं न्हाई. मंग मला बोलावलं.

चाळीस माणसं काठावर. आन सगळ्यांच्या मागं, बाभळीखाली, माझा बाप. नवं धुतलेलं धोतर नेसून आल्ता. ज्या विहिरीवर माझ्या आजीला कोणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं, त्या विहिरीत त्याचा पोरगा उतरणार होता. छप्पनला आम्ही बौद्ध झालो, पण अप्पारावच्या विहिरीला ते कळायला सदतीस वर्षं लागली. दुसऱ्यांच्या विहिरी मी किती केल्या होत्या, ह्या विहिरीत ती पहिली बार.

धोंडा धरून गेलो. निम्म्यावर विहिरीच्या अंगाला ती कपार हाये ना, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावरून दिसायची ती, तिथवर पोचलो. कानात खिळा ठोकल्यागत झालं. खाली बघितलं तर नुसतं काळं. याच्याआधी कितीदा काळ्यात गेल्तो, पण त्या दिवशी भ्यालो. का भ्यालो ते आजबी सांगता येत न्हाई. धोंडा सुटला हातातून. कपारीला धरून तिथंच थांबलो, दम पुरेल तेवढं थांबलो, लोकांना वाटावं की खाली हुडकून राह्यलो. कपारीत साचलेला गाळ मुठीत घेतला. मंग हिसका दिला आन तू मला वर ओढलंस.

मूठ उघडून दाखवली. अप्पाराव म्हणला, "खाली न्हाई, असं समजू का?" मी म्हणलो, "न्हाई खाली."

वर येऊन 'भेव वाटलं, जमलं न्हाई' असं म्हणायची हिंमत झाली न्हाई. बाप बघत होता, ते एक कारण. पण मी तुझ्यापुढं बापाला उभं करत न्हाई. भ्यालो मी, खोटं बोललो मी.

तुला सालावरून काढलं. बदनापूरची सोयरीक मोडली. पोरं मागून मोटरचोर म्हणून ओरडायची, मी ऐकलंय. दिवाळीच्या आधी मी मुंबईचा रस्ता धरला. लोकांना वाटलं पोटासाठी गेला. तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं म्हणून गेलो. मंग ह्या एकतीस वर्षांत ज्या ज्या तळाला गेलो तिथं पहिला हात तळाला लावला. सोबतचे हसायचे, म्हणायचे हा नमस्कार करतो. त्या दिवशी जो लावला नव्हता तो लावत होतो.

मोटर तिथंच असंल. तू खरा होतास. मला माफ कर असं लिहायचं धाडस न्हाई, म्हणून नुसतं खरं लिहिलं.

वसंता


१९ डिसेंबर २०२४

सांडू,

सापडली.

सही केली न्हाई म्हणून मोठा साहेब तीन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. बोट एक दिवस जास्तीची थांबली की काय खर्चा येतो ते तुला सांगत न्हाई, तुझी मेंढरं ऐकून पळून जातील. प्रीतीनं युक्ती काढली. रोबो एका जागेला उभा केला, गाळ पूर्ण बसू दिला, मंग लोखंडी सळईनं हातहात अंतरावर टोचत गेली. पाईपापासून पन्नास पावलांवर, चार फूट गाळाच्या खाली सळई अडली. प्रीती हळूच म्हणली, "काका, लागलं." मी खुर्चीतून उठून बाहेर गेलो आन कठड्याला धरून रडलो. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर हेल्मेट. क्रेनवाल्याला वाटलं घरी कोणी गेलं.

गादी वर आली. ठोकळ्या ठोकळ्यात खेकडे. मंग मी तळ आणखी एकदा पडद्यावर बघितला, चारी बाजूंनी, आन सही केली.

एक गोष्ट सांगायची राह्यली. मागच्या पत्रात लिहायला बसलो होतो, पण हात उचलला न्हाई.

अप्पारावच्या विहिरीत उतरलो त्याच्या तिसऱ्या दिवशी बायनामावशी आमच्या घरी आल्ती. दुपारची वेळ, घरात मी एकटा. हातात ताकाचा तांब्या, वर फडकं बांधलेलं. आमच्या वस्तीवर ती तशी कधी यायची न्हाई, मलाच बोलवायची. उंबऱ्याच्या आत येऊन बसली. म्हणली, "वसंता, लेकरा, तळाला हात लागला व्हता ना बराबर?"

मी म्हणलो, "लागला मावशी."

तिनं तांब्यावरचं फडकं सोडलं. मंग म्हणली, "परत एकदा सांग बाबा. मला कमी ऐकू येतं."

तिला कुठं कमी ऐकू यायचं? दोन शेतांपलीकडचं कोकरू ओरडलं तर तिला कळायचं ते कोणाचं हाये. पण मी म्हणलो, "लागला मावशी. काहीच न्हाई खाली."

"बरं," म्हणली. "ताक पी." माझ्या डोक्यावर हात फिरवला, रिकामा तांब्या घेतला आन गेली. मी दारात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मारली न्हाई.

ती आता हाये का न्हाई हेबी मला म्हाईत न्हाई. असंल तर नव्वदीची असंल. असंल तर तिला हे पत्र वाचून दाखव. मी दहा जानेवारीला जालन्याला येतो. तू ये म्हणलास तर राजूरच्या बसमध्ये बसतो, आन अप्पारावच्या दारात, चावडीवर, तू म्हणशील तिथं उभा राहून म्हणतो की वसंता खोटं बोलला होता, सांडू चोर नव्हता. माणूस लावून विहीर उपसतो आन मोटर काढून गावाला दाखवतो.

तू ये म्हणला न्हाईस तर मी येणार न्हाई. तेवढा हक्क तुझा हाये.

वसंता


४ जानेवारी २०२५

वसंता,

राम राम.

पत्र रेणू लिहून राह्यली. ती माझी धाकली पोरगी, अंबडला कॉलेजात हाये. मी बोलतो तसंच लिही, सुधारू नको म्हणलं तिला. माझं लगन उशिरा झालं पण बरं झालं, मंडळी चांगली हाये, त्याची फिकीर करू नको.

तुझे चारी पत्र आले. पहिल्या दोनात उत्तर द्यावं असं काही न्हवतं. तिसरं आलं तव्हा रेणूला कागद आणायला लावला. चौथं आलं तव्हा म्हणलो थांब, चार दिवस जाऊ दे, आत्ता सांगितलं तर शिव्याच सांगीन.

मोटर निघाली. तेरा सालच्या दुष्काळात विहीर खडखडीत झाली, गाळ काढताना लागली. अप्पाराव तवर गेल्ता. त्याच्या पोरानं मोटर बैलगाडीत घालून माझ्या दारात आणून ठेवली, आन पाया पडला. ती आजून दारात हाये. कोंबड्या तिच्यावर बसतात. तव्हा लोक तुझ्या नावानं बोलायला लागले. मी म्हणलो, अरे, कंबरभर गाळात रुतली व्हती, पोराच्या हाताला कशी लागंल? तर गप बसले. म्हणून चावडीवर येऊन काही म्हणू नको. ज्यांच्यापुढं म्हणायचं ते निम्मे मेले, आन उरलेल्यांना मी जे सांगितलं त्यात मी खोटा पडंल.

आता ऐक. दोर कोणाच्या हातात व्हता, वसंता?

तू समुद्रात पट्ट्या मोजतो, साहेबाला आमच्या मायच्या लुगड्याची गोष्ट सांगतो, आन तुला एवढं उमगलं न्हाई. नऊ परसाची विहीर, नऊ गाठी, दर गाठीला चिंधी. पाच गाठी माझ्या हातातून गेल्या. सहावी आलीच न्हाई. मी वाट बघितली. मंग तू हिसका दिला, मी ओढला. तू सगळ्यांना मूठ दाखवली, माझ्याकडं तेवढं बघितलं न्हाई.

घरी मायनं दोर वाळत घातला. पाच चिंध्या वल्ल्या, चार कोरड्या. तिनं एकेका चिंधीला हात लावून बघितलं. मी म्हणलो, चाललो दोर घेऊन अप्पारावकडं. ती म्हणली, बस खाली. त्या विहिरीत त्यांनी त्याला पहिल्यांदा उतरवलं. आज तो खोटा निघाला तर त्याला एकट्याला म्हणणार न्हाईत, त्यांच्या सगळ्या घरांना म्हणतील. तुला काय, मेंढरं हायेत, तू जगशील. लेकरू भ्यालंय, त्याचं तो सांगंल. मी जाते त्याच्याकडं.

ती तुला विचारायला न्हाई आल्ती. तिला म्हाईत व्हतं. तू सांगावं म्हणून आल्ती. एकदा न्हाई सांगितलं म्हणून दुसऱ्यांदा विचारलं.

घरी आली आन म्हणली, सांगंल, आज न्हाई तर उद्या. मला शपथ घातली, तू बोलायचं न्हाई. अठरा वर्षं तेच म्हणली. अकरा साली वारली, मोटर तव्हा खालीच व्हती. शेवटच्या दिवसात माणसं ओळखत न्हवती, पण सायकलची घंटी वाजली की म्हणायची, पोस्टमन हाये का बघ रे.

लोकांनी मोटरचोर म्हणलं त्याचा मला राग न्हाई. मी न्हवतो चोर, आन घरात दोघांना ते म्हाईत व्हतं. तिला वाट बघायला लावली त्याचा राग हाये. तो जाणार न्हाई. हेबी लिही म्हणलं रेणूला. ती लिहिना, म्हणून परत सांगून लिहून घेतलं.

दहा जानेवारीला नको येऊ. आत्ता अप्पारावच्या विहिरीला पाणी लई हाये, तुझं वय झालं, साखर हाये म्हणतोस. वैशाखात ये. तव्हा तीन परसच पाणी उरतं, तेवढं तुला झेपंल. राजूरला उतरून फोन करू नको, सरळ घरी ये. भाकर रेणूची माय करंल, घोंगडी मायचीच हाये, ठेवलीये.

दोर मी जपून ठेवला, घरात कोणाला हात लावू दिला न्हाई. माय म्हणायची, त्याची एक मूठ बाकी हाये. तर ये आन तळाला जाऊन एक मूठ काळा गाळ काढ. मायला जिथं माती दिली, त्या जागेवर ठेवायचाय.

दोर मी धरतो.

सांडू